खोडवा आणि पिशवी

ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. कोयता वरून चालला आणि चार-सहा बोटं बुडखा उभा राहिला, तर मालक कुरकुरतो. कारण साखर बुडाशी जास्त असते आणि उंच बुडख्यातून येणारे फुटवे कमजोर निघतात. नीट तुटलेल्या उसाला पाणी दिलं की दोन-तीन आठवड्यांत जमिनीखालच्या डोळ्यांतून हिरवे कोंब वर येतात. बेणं लागत नाही, नवी लागण लागत नाही. हा खोडवा.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून तोडीला निघणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. वाकून बुडाशी कोयता घालण्यात त्यांचे वर्षातले पाच-सहा महिने जातात. त्यांच्या स्वतःच्या शरीरातही, पाळी येत असेतोवर, दर महिन्याला असाच एक खोडवा फुटत असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना सांगितलं जातं ते वेगळंच : "पोरं झाली ना? मग पिशवीचं काय काम? खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल."

पिशव्या काढण्याच्या या प्रकाराची चौकशी करायला २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तिच्या कामासाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये, देशभराचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

त्यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मुकादमाची उचल, कामाला दांडी पडली की कापला जाणारा खाडा, फडात ना आडोसा ना पाणी, खासगी दवाखान्यांचा धंदा, हे सगळं बोललं गेलं आणि ते खरंच होतं. पण एक गोष्ट राहून गेली असं मला वाटत आलं आहे. ज्याला आपण इतक्या सहजपणे पिशवी म्हणतो, त्यात असतं तरी काय? हा शब्द मीही वापरते, माझी आई वापरायची, डॉक्टर वापरतात. पिशवी भरते, रिकामी होते, खराब झाली की टाकून देता येते. शब्दानेच अर्धं काम केलेलं असतं. उरलेलं अर्धं शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतं.

या अवयवाच्या आत जे अस्तर असतं, ते पाळीनंतर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचं उरतं. पुढच्या दहा-बारा दिवसांत ते वाढून दहा-बारा मिलिमीटरपर्यंत जातं. त्यात नव्या ग्रंथी येतात, नव्या रक्तवाहिन्या येतात, सगळं नव्याने. गर्भ राहिला नाही तर वरचा थर गळून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाईच्या आयुष्यात हे चारशेहून अधिक वेळा घडतं. हाताला कापलं तर व्रण राहतो, भाजलं तर कातडी आखडते. इथे दर महिन्याला उघडी जखम होते आणि ती व्रण न ठेवता भरून निघते. माणसाच्या प्रौढ शरीरात इतक्या वेळा, इतक्या नेमाने असं करणारा दुसरा अवयव मला माहीत नाही. उसाचाही खोडवा, मग निडवा, आणि त्यानंतर उतारा घसरला म्हणून शेतकरी पीक मोडतो. हे शेत तीस-पस्तीस वर्षं मोडावं लागत नाही.

हे घडताना प्रत्यक्ष पाहिलं कुणी? जे. ई. मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम वाचून मी थक्क झाले होते. त्याने ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात रुजवले. बुबुळावरचा पडदा पारदर्शक, त्यामुळे आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसे. प्रोजेस्टेरॉनचा जोर ओसरला की तो तुकडा आक्रसे, त्यातल्या मळसूत्रासारख्या वळणाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जात, रक्तपुरवठा तुटे आणि मग थेंब थेंब रक्त येई. डोळ्यात पाळी. माकडिणींवर केलेला तो प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो, पण पाळी म्हणजे साठलेली घाण बाहेर पडणं नव्हे, ऊतीचा सुनियोजित त्याग आहे, हे त्यानंतर नाकारता येण्यासारखं राहिलं नाही.

तसं नाकारण्याची धडपड विज्ञानानेही केलेली आहे, हे इथे सांगून टाकते. विटाळ ही आपलीच मक्तेदारी आहे असं मानायचं कारण नाही. घटसर्पाच्या चाचणीला ज्याचं नाव आहे त्या बेला शिकने १९२० मध्ये व्हिएन्नात असा सिद्धान्त मांडला होता, की पाळीतल्या बाईच्या अंगातून विष स्रवतं आणि तिच्या हातातली फुलं त्यामुळे कोमेजतात. त्या विषाला नावही दिलं गेलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा शोध चालला. आपल्याकडे कावळा शिवतो, तिकडे फुलं कोमेजत होती. या अस्तराकडे कुतूहलाने पाहायला माणसाला इतका उशीर का झाला, याचं उत्तर मला त्यातच दिसतं. कचऱ्याकडे कोण निरखून पाहणार?

निरखून पाहिलं तेव्हा काय दिसलं? १९७६ मध्ये अ‍ॅलेक्स फेरेन्झी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे अस्तर तपासलं. वरचा थर गळत असतानाच, खाली शिल्लक राहिलेल्या ग्रंथींच्या तुटक्या बुडख्यांमधून नव्या पेशी बाहेर सरकतात आणि उघड्या जागेवर पसरत जातात. म्हणजे तोडणी आणि फुटवा एकाच वेळी. दोनेक वर्षांनी प्रियानिश्निकोव्ह यांनी मांडलं, की अस्तराच्या तळथरात मूलपेशी असल्या पाहिजेत. मूलपेशी म्हणजे स्वतःसारखीच दुसरी पेशी राखून ठेवत नवनव्या पेशी घडवणारी पेशी. पण तो तर्क होता. पुरावा यायला २००४ उजाडलं. मेलबर्नमध्ये कॅरोलिन गार्गेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्तराच्या पेशी सुट्या केल्या आणि एकेक पेशी एकटीने वसाहत उभारू शकते का, हे पाहिलं. ग्रंथींच्या पेशींत ०.२२ टक्के आणि त्यांच्या भोवतीच्या आधारपेशींत १.२५ टक्के पेशी ते करू शकल्या. हजारात दोन, आणि शंभरात एक-सव्वा. सगळा खोडवा एवढ्यांच्या जिवावर.

या प्रयोगासाठी पेशी आल्या कुठून, हेही सांगायला हवं. शस्त्रक्रियेने काढलेल्या गर्भाशयांतून. तिथे काढलेलं गर्भाशय प्रयोगशाळेत गेलं आणि त्यात काय दडलं आहे ते जगाला कळलं. आपल्याकडच्या त्या १३,८६१ गर्भाशयांपैकी किती साध्या पॅथॉलॉजी तपासणीपर्यंत तरी पोचली असतील, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

२०२१ मध्ये जपानी संशोधकांनी अख्ख्या अस्तराची त्रिमितीय प्रतिमा उभी केली. तोपर्यंत पुस्तकांत ग्रंथी उभ्या, सुट्या नळ्यांसारख्या काढलेल्या असत. प्रत्यक्षात तळाशी त्या आडव्या पसरलेल्या, एकमेकींना जोडलेल्या निघाल्या, आणि त्या आडव्या जाळ्यातून वर उभे फाटे. संशोधकांनी त्याला शब्द वापरला तो वनस्पतिशास्त्रातला : कंद. सांगलीकडच्या कुठल्याही हळद-शेतकऱ्याला हे चित्र दाखवलं तर तो लगेच ओळखेल. वरचा पाला कापून नेला तरी गड्डा जमिनीत आहे तोवर पीक गेलेलं नसतं.

हे अस्तर हार्मोनमुळे वाढतं, असं आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचतो. इस्ट्रोजेन आलं, अस्तर वाढलं. प्रोजेस्टेरॉन आलं, अस्तर पक्व झालं. दोन्ही गेली, अस्तर गळलं. चुकीचं नाही, पण या सोप्या गोष्टीने फार मोठा गैरसमज करून ठेवला आहे. जखम भरण्याचं पहिलं काम जेव्हा होतं, म्हणजे पाळीच्या त्या दिवसांत, तेव्हा अंगात इस्ट्रोजेन तळाला गेलेलं असतं. अंडाशय काढलेल्या उंदरिणींवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इस्ट्रोजेनशिवायही गळलेलं अस्तर पुन्हा सांधलं गेलं. इस्ट्रोजेनचं राज्य सुरू होतं ते त्यानंतर, सांधलेल्या पायावर उंची चढवायला. आणि तेव्हाही त्याचा हुकूम थेट मूलपेशीच्या कानात जात नाही. उंदरांच्या अस्तराच्या पृष्ठभागावरच्या ज्या पेशी मूलपेशींसारख्या वागतात, त्यांच्यात इस्ट्रोजेन ओळखणारा ग्राहकच सापडला नाही. १९९७ मध्ये पॉल कुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ग्रंथीच्या पेशींना वाढायला लावणारा इस्ट्रोजेनचा निरोप शेजारच्या आधारपेशींमार्फत येतो. शेजार शाबूत नसेल तर हुकूम कितीही मोठ्याने दिला तरी तो पोचत नाही.

उलट, मूळ जागेवर आहे आणि हुकूम थांबतच नाही, असं झालं तर? तेही जगाने पाहिलं आहे. पाळी गेलेल्या बायकांना अमेरिकेत वर्षानुवर्षं नुसतं इस्ट्रोजेन दिलं जात होतं. १९७५ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं, की अशा बायकांमध्ये अस्तराचा कर्करोग कितीतरी पटींनी वाढला आहे. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनचा लगाम दिला जातो. उगवण्याची ताकद जिथे इतकी, तिथे थांबण्याची शिस्तही तितकीच लागते.

आता दवाखान्यात येऊ. माझ्या मावसबहिणीबरोबर मी वर्षभर एका वंध्यत्व केंद्रात जात होते. सोनोग्राफीच्या खोलीत पडद्याकडे बघत डॉक्टर अस्तराच्या जाडीचा आकडा सांगायच्या आणि सिस्टर तो फाइलवर लिहायची. साडेपाच. पुढच्या महिन्यात इस्ट्रोजेनच्या गोळ्या दुप्पट. पाच पूर्णांक सहा. मग चिकटपट्ट्या, मग आणखी गोळ्या, साडेपाच. बाहेरच्या बाकावर ती मला म्हणाली, "ताई, पाणी घालतायत नुसतं, आत काही उरलंय का ते कुणी बघत नाही." तिला ना मूलपेशी माहीत होत्या ना तळथर. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला होता, तेव्हा गावाजवळच्या एका दवाखान्यात तिची 'पिशवी साफ' केली होती. त्यानंतर पाळी जेमतेम एक दिवस दिसायची.

साफ! किती निरुपद्रवी शब्द आहे हा. धातूच्या धारदार चमच्याने खरवडणं असा त्याचा अर्थ आहे. हात थोडा जोरात पडला, की वरच्या थराबरोबर तळथरही निघून येतो. मग आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, व्रण धरतात आणि तिथे इस्ट्रोजेनचा पाऊस पाडला तरी काही उगवत नाही. जोसेफ आशरमन यांनी १९४८ मध्ये या अवस्थेचं सविस्तर वर्णन केलं आणि तिला त्यांचंच नाव पडलं. गर्भपातानंतर धारदार खरवडणं सोडून हवेच्या ओढीने पिशवी रिकामी करावी किंवा औषधं वापरावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे चमचा अजून हद्दपार झालेला नाही. दुसरा शत्रू त्याहून गप्प असतो : क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हा जंतू गर्भनलिकांत आणि अस्तरात घर करतो तेव्हा ना खोकला असतो, ना अंगात मोठा ताप. पाळी कमी होते, बंद होते, मूल राहत नाही, इतकंच. सासरी बोलणी बसतात तिला, आणि गड्डा कुरतडला जात असतो जंतूकडून.

इथेच मूलपेशींचं नाव घेऊन दुसरी मंडळी पुढे येतात. माझ्या बहिणीलाही, दुसऱ्या एका ठिकाणी, दोन लाखांत 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देऊ केलं गेलं. म्हणून मी हा विषय शोधून वाचला, आणि जे वाचलं ते प्रामाणिकपणे मांडते. २०११ मध्ये अहमदाबादच्या डॉ. नागोरी आणि सहकाऱ्यांनी आशरमनच्या एका रुग्णात तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वापरल्या, आणि पुढे आयव्हीएफने तिला गर्भ राहिल्याचं प्रसिद्ध केलं. २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्समधून सहा जणींचा अनुभव प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये स्पेनमधून, अठरा जणींना घेऊन केलेली प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींची पाळी परतली, काहींना दिवस गेले. ही कामं गांभीर्याने केलेली आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण या तिन्हींत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सुधारणा पेशींमुळे झाली, हार्मोनमुळे झाली की दुर्बिणीने चिकटलेले पदर सोडवल्यामुळे झाली, हे त्यांतून सांगता येत नाही.

आणि मुळातल्या कल्पनेलाच हादरा बसलेला आहे. येलच्या ह्यू टेलर यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की अस्थिमज्जा-प्रत्यारोपण झालेल्या चार बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात दात्याच्या पेशी आढळल्या. अस्थिमज्जेतून अस्तर घडतं, असा अर्थ लावला गेला. २०१८ मध्ये मेलबर्नच्याच गटाने उंदरांमध्ये काटेकोरपणे तपासलं, तेव्हा अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी अस्तराच्या पेशी झालेल्या नव्हत्या. त्या तिथे वस्तीला आलेल्या पांढऱ्या पेशी होत्या. बाहेरून आलेले पाहुणे कधी कधी कामाला हात लावत असतीलही. घर मात्र घरच्यांनीच उभारलेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडता मूलपेशींचा कोणताही वापर मान्यताप्राप्त उपचार नाही. तो फक्त नोंदवलेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या बाईकडून तिच्या पेशींचे दोन लाख मागितले जात नसतात. पाळीच्या रक्तातल्या मूलपेशी साठवून ठेवण्याच्या बँकांनाही त्या तत्त्वांमध्ये परवानगी नाही. ज्या रक्ताला शिवायचं नाही म्हणून बाईला कोपऱ्यात बसवलं, तेच रक्त 'भविष्याची ठेव' म्हणून तिलाच परत विकायला निघालेले लोक माझ्या मते विटाळ मानणाऱ्यांपेक्षा वेगळे नाहीत. दोघांनाही तिच्या शरीरात काय आहे ते तिला समजू द्यायचं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या विज्ञानाने आपल्या हाती आज दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट इंजेक्शन नाही, एक जाणीव आहे : पुन्हा उगवण्याची सगळी क्षमता एका पातळ तळथरात आहे, आणि तो गेला की हार्मोन निकामी ठरतं. तेव्हा पैसा, प्रशिक्षण आणि लक्ष आधी तो थर वाचवण्यावर खर्च व्हायला हवं. तालुक्याच्या दवाखान्यात धारदार चमच्याऐवजी साधी हवा ओढणारी सिरिंज असावी. पाळी अचानक कमी झालेल्या बाईची क्षयासाठी तपासणी व्हावी. मूलपेशींवरचं संशोधन जोरात चालावं, पण चाचणी म्हणून, मोफत आणि नोंद ठेवून.

कुणी म्हणेल, गर्भाशयाची एवढी थोरवी सांगून तुम्ही बाईला पुन्हा आईपणातच कोंडता आहात. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. न्हाण आलं की मखरात बसवायचं आणि मग महिन्याचे चार दिवस बाहेर, या परंपरेत वाढलेल्या कुणालाही तो हलका वाटू नये. पण यकृत स्वतःला भरून काढतं म्हणून त्याचं महत्त्व सांगितलं तर कुणी पुरुषाला यकृतात कोंडत नाही. मूल नको असलेल्या बाईचंही अस्तर तिचं आहे. फायब्रॉइडने रक्त थांबत नसेल, कर्करोग असेल, तर गर्भाशय काढणं योग्यच, आणि तो निर्णय तिचाच. ऊसतोडीला जाणारी बाई अडाणी आहे म्हणून पिशवी काढते असंही मी म्हणणार नाही. दर महिन्याला खाडे पडणं तिला परवडत नाही. तिचा हिशेब चोख असतो. पण तो हिशेब करताना तिच्यासमोर ठेवलेली माहिती खोटी असते. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला सांगितलेलं नसतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशीतच इस्ट्रोजेन संपतं, हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हेही नाही. मोळ्या उचलणाऱ्या बाईला हाडांची गरज इतरांहून कमी नसते.

एक गोष्ट मात्र मला आशेची वाटते. मेलबर्नचा तोच गट या अस्तरातल्या मूलपेशी जाळीवर चढवून, 'अंग बाहेर येणं' या दुखण्यावर उपाय शोधतो आहे. उंदीर आणि मेंढ्यांवर ते प्रयोग झाले आहेत. जड ओझी वाहून आणि लागोपाठच्या बाळंतपणांनी खेड्यापाड्यांतल्या किती बायकांचं अंग बाहेर आलेलं असतं आणि त्या किती वर्षं ते कुणाला सांगत नाहीत, हे गावोगावच्या आशा सेविकांना विचारा. ज्या अस्तराला आपण कचरा म्हणालो, त्याच्याच पेशींनी उद्या तिच्या पोटाला आधार मिळेल, असं होऊ शकतं. अजून झालेलं नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. नियम चांगला आहे, पण तो एका जिल्ह्यापुरता आहे आणि तोडीला गेलेली बाई जिल्ह्याबाहेर असते. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकीला, आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पिशवी काढायला सांगितली तर तपासणीत नेमकं काय निघालं ते कागदावर मागा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, अंडाशयं ठेवणार का ते विचारा. साफ करायला सांगितली तर कशाने साफ करणार, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत टेबलावर चढू नका.